मस्टरबाहेरची माणसे

ज्या घरातला मुलगा, मुलगी किंवा सून एखाद्या बऱ्यापैकी कंपनीत नोकरीला आहे, त्या घरी ५ जूनच्या संध्याकाळी हमखास एक रोप येते. कधी तुळस, कधी कडुनिंब. कुंडीवर कंपनीचे नाव आणि सोबत एक छापील प्रतिज्ञा: मी कागद दोन्ही बाजूंनी वापरीन, जागेवरून उठताना दिवा बंद करीन, लिफ्टऐवजी जिना चढेन. घरातल्या आजीचा प्रश्न मात्र साधा असतो, 'आता हे लावायचे कुठे?' दोन खोल्यांच्या घराच्या गॅलरीत आधीच्या तीन वर्षांच्या कुंड्या ओळीने बसलेल्याच असतात.

या रोपाला आणि प्रतिज्ञेला आता एक भारदस्त नाव मिळाले आहे: हरित मनुष्यबळ व्यवस्थापन. कंपन्यांच्या भाषेत ग्रीन एचआर. नाव अवजड असले तरी कल्पना समजायला सोपी आहे. माणूस नोकरीवर घेतानाच त्याला पर्यावरणाची जाण आहे का ते पाहावे, नंतर त्याला त्याचे शिक्षण द्यावे. वर्षअखेरीस त्याच्या कामाचे मोजमाप करताना त्याने पाणी, वीज, कच्चा माल किती वाचवला हेही पाहावे आणि बढती-बोनसात त्याचे प्रतिबिंब पडावे. असे केले की कंपनीचा पर्यावरणविषयक ताळेबंद सुधारतो, म्हणजे धूर कमी होतो, सांडपाणी स्वच्छ होते, कचरा घटतो, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात.

माझी सारी नोकरी कार्मिक खात्यात गेली. ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात लेबर ऑफिसर म्हणून शिरलो, मधल्या काळात त्याचे पर्सोनेल झाले, आणि निवृत्तीच्या सुमारास दारावर एचआरची पाटी लागली. पाटी बदलली तरी टेबलावरचे मस्टर तेच होते. त्यामुळे नव्या नावांकडे मी जरा संशयाने पाहतो हे खरे. परंतु ही कल्पना थट्टेवारी नेण्यासारखी नाही, हे आधीच सांगतो. प्रदूषणाचा प्रश्न आपण आजवर यंत्राचा आणि चिमणीचा प्रश्न मानत आलो. तो आधी माणसांचा प्रश्न असतो, आणि याचा सर्वांत भयंकर पुरावा आपल्याच देशात आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडले त्याच्या चौकशांमध्ये टाकी, झडप, शीतकरण यंत्रणा यांची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने कमी बोलली गेलेली गोष्ट अशी, की त्याआधीच्या काही वर्षांत खर्चकपातीसाठी मिथिल आयसोसायनेट विभागातले एका पाळीतले ऑपरेटर बारांवरून सहावर आणले होते. रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाची जागाही रद्द झाली होती. हे निर्णय कुणी घेतले? ते अभियांत्रिकीच्या आराखड्यात नव्हते. ते मनुष्यबळाच्या कागदावर झाले. त्या काळी त्याला कुणी 'पर्यावरणविषयक निर्णय' म्हटले नसते, आजही म्हणणार नाही. पण तो तसा होता.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने १९७५ मध्ये एक योजना सुरू केली. प्रदूषण निर्माण झाल्यावर ते साफ करण्यापेक्षा मुळातच होऊ नये यासाठी कर्मचाऱ्यांनीच सूचना कराव्यात, आणि त्यातून कंपनीचे पैसेही वाचावेत, अशी ती योजना. ती दीर्घकाळ चालली. कोणत्या पिंपात किती द्रावण उरते आणि ते कुठे ओतले जाते हे संचालकांना ठाऊक नसते, पिंप हलवणाऱ्याला ठाऊक असते, एवढे साधे शहाणपण त्यामागे होते.

पुढे १९९६ साली वॉल्टर वेहरमेयर यांनी या विषयावरचा एक जाडजूड ग्रंथ संपादित केला. त्याच वर्षी पर्यावरण व्यवस्थापनाचे आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले. २०१३ मध्ये डग्लस रेनविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन हा विषय तीन पायांवर उभा केला. आपल्या भाषेत सांगायचे तर जाण, ओढ आणि वाव. कामगाराला पर्यावरणाची जाण द्या, त्याला ते करावेसे वाटेल अशी ओढ लावा, आणि काही करून दाखवायला वाव ठेवा. नंतर या विषयावर शेकडो निबंध आले, आणि बहुतेकांचा निष्कर्ष एकच: हरित मनुष्यबळ व्यवस्थापन असेल तिथे पर्यावरणाची कामगिरी चांगली.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. यातले बरेच अभ्यास प्रश्नावलीवर चालतात. कंपनीच्या व्यवस्थापकाला विचारायचे, तुमच्याकडे पर्यावरणाचे प्रशिक्षण देता का? मग त्यालाच विचारायचे, तुमच्या कंपनीची पर्यावरणविषयक कामगिरी कशी आहे? दोन्ही उत्तरे एकाच खुर्चीतून आली की ती जुळतात यात नवल ते काय? नदीच्या पाण्याचा नमुना घेऊन, चिमणीतला धूर मोजून केलेले अभ्यास त्या मानाने थोडे आहेत. पण माझा मुख्य आक्षेप तोही नाही. या प्रश्नावल्या ज्यांना विचारल्या जातात ते मस्टरवरचे लोक असतात. आणि कंपनीचा खरा कचरा, खरा धूर, खरे सांडपाणी ज्यांच्या हातून जाते ते आता मस्टरवर उरलेलेच नाहीत.

हे पाहायला फार लांब जायला नको. ठाण्याहून कापूरबावडी, बाळकूम ओलांडून खाडीचा पूल उतरला की भिवंडी तालुक्यातले पहिले गाव लागते ते कशेळी. (कोकणातली कनकादित्याची कशेळी वेगळी, ती राजापूर तालुक्यात.) आगरी-कोळ्यांची वस्ती, खाडीतली मासेमारी आणि रेती, मागे भाताची खाचरे, अशी या पट्ट्याची जुनी ओळख. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना फर्निचरची दुकाने आहेत. सोफे, पलंग, फोम, प्लायवूड, पॉलिश यांचा मोठा बाजार इथे भरतो आणि मुंबई-ठाण्याच्या नव्या संसारांचे अर्धे सामान इथूनच जाते. त्यामागे गोदामे. कशेळीला लागून काल्हेर, पुढे पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, माणकोली. पत्र्यांची छपरे संपता संपत नाहीत. रस्त्याच्या मधोमध मेट्रो पाचचे खांब उभे राहिले आहेत.

गोदामे इथेच का आली, याचे उत्तर भूगोलात जेवढे आहे तेवढेच करात आहे. मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, न्हावाशेवा बंदर आवाक्यात, हे झालेच. पण खाडीच्या अलीकडे ठाणे महापालिका होती, तिची जकात होती. त्याच्या अलीकडे मुंबईची जकात होती. पूल ओलांडला की ग्रामपंचायत. माल इथे उतरवायचा, आणि विकला जाईल तेवढाच जकात भरून शहरात न्यायचा, हा व्यापाऱ्याचा सरळ हिशेब होता. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. तोवर गोदामांचे शहर उभे राहिले होते, आणि पुढे घरबसल्या खरेदीच्या कंपन्यांनी ते आणखी वाढवले. तुमच्या दारात सकाळी येणारा खोका आदल्या रात्री याच पट्ट्यातून निघालेला असण्याची शक्यता बरीच आहे.

आता या गोदामात काम कोण करते ते पाहा. माल कंपनीचा, जागा गाळेमालकाची. गोदाम चालवण्याचे काम लॉजिस्टिक्सच्या कंपनीकडे, माणसे पुरवण्याचे काम कंत्राटदाराकडे. त्या कंत्राटदाराने ते एखाद्या मुकादमाला दिलेले, आणि मुकादमाने गावाकडून, नाहीतर उत्तर प्रदेश-बिहारकडून पोरे आणलेली. गाडी वाहतूकदाराची, चालक त्याचा. पुष्कळदा गाडीही त्याची नसते, भाड्याने लावलेली असते. ज्या कंपनीचे नाव खोक्यावर ठळक छापलेले असते तिचा पगारी माणूस अख्ख्या गोदामात एक किंवा दोन. तो संगणकासमोर बसतो. ५ जूनचे रोप त्याला मिळते.

गेल्या पावसाळ्याआधी अशाच एका गोदामाच्या मुकादमाशी बोलत बसलो होतो. मूळचा जालन्याकडचा, चाळिशीचा गृहस्थ. आत भिंतीवर कचरा वेगळा करण्याची सुबक पाटी होती, इंग्रजीत. खाली तीन रंगांचे तीन डबे. ट्रकमधून उतरलेल्या मालावरचे प्लास्टिकचे वेष्टण मात्र बाहेर ढिगाने पडले होते. मी विचारले, "हे डब्यात का जात नाही?"

"काका, डबे आत आहेत, माल बाहेर उतरतो. गाडीमागं पैसे मिळतात आम्हाला. एक गाडी खाली झाली की दुसरी लागती. प्लास्टिक उचलून आत नेऊन टाकायला एक माणूस धरला तर त्याचे पैसे कोण देणार?"

"मग याचे होते काय?"

"चांगलं असंल ते भंगारवाला नेतो. पुठ्ठा तर लगेच जातो. मळलेलं, फाटलेलं राहतं." मागच्या कंपाऊंडच्या भिंतीकडे त्याने मानेने खूण केली. भिंतीपलीकडे नाला होता. तो खाडीला मिळतो.

"कुणी सांगितले नाही का कधी, असे टाकू नका म्हणून?"

"सांगायला येतात ना. मागं एक मॅडम आल्या होत्या, चांगलं बोलल्या. पण ती मीटिंग आतल्या स्टाफची होती. आम्ही गाडी खाली करत होतो."

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लक्षात राहिले. रेनविकसाहेबांचे तिन्ही पाय इथे एका वाक्यात मोडतात. जाण द्यायची बैठक झाली ती इतरांसाठी. ओढ कसली लागणार, गाडीमागे पैसे ठरवले तिथेच ती घाईकडे लावून दिली आहे. वाव तर डबे कुठे ठेवायचे एवढ्यापुरताही नाही.

रस्त्यावर रांगेत थांबलेल्या ट्रकांचेही तसेच. आत घेण्याची वेळ ठरलेली नसते, चालकाला बसायला खोली नसते. मे महिन्यात तो केबिनमध्येच बसतो आणि हवेसाठी इंजिन चालू ठेवतो. शौचालय नसले की खाडीचा काठ आहेच. आता हे डिझेल, हा धूर आणि ही घाण कोणाच्या हिशेबात? चालकासाठी एक खोली आणि दोन शौचालये बांधली तर तिन्ही एकदम कमी होतील. त्याला हरित मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणा किंवा साधी माणुसकी म्हणा. मी कार्मिक खात्यात असताना याला 'वेल्फेअर' म्हणत. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी ठेवण्याची सक्ती होती, ती याच गोष्टींसाठी.

भिवंडीचा दुसरा चेहरा यंत्रमागांचा. मागावर ताणा चढवण्याआधी सुताला खळ लावतात, त्याला सायझिंग म्हणतात. खळ शिजवायला आणि सूत वाळवायला वाफ लागते, म्हणजे बॉयलर आला. या बॉयलरांमध्ये लाकूड-कोळशाबरोबर चिंध्या, प्लास्टिक, मिळेल ते भंगार जाळले जाते अशा तक्रारी भिवंडीत वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नोटिसा काढते, काही दिवस चिमण्या गप्प होतात, पुन्हा सुरू होतात.

बॉयलरच्या बाबतीत आपल्याकडचा कायदा फार जुना आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला, माणसे मेली, आणि लगेच पुढच्या वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. १९२३ मध्ये तो देशभराचा झाला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या परंपरेत एक गोष्ट पक्की रुजली, ती म्हणजे बॉयलरपाशी उभा राहणारा माणूस परीक्षा दिलेला, प्रमाणपत्र असलेला हवा. मालक कितीही छोटा असो, या अटीतून सुटका नाही. कागदावर तरी नाही. स्फोटाच्या भीतीने आपण कामगाराच्या शिक्षणाचा आग्रह धरला. धुराची भीती मात्र अजून तेवढी वाटत नाही, कारण धूर एकदम मारत नाही.

मला भेटलेल्या एका बॉयलरवाल्याने सांगितले, की महिनाअखेरीस कोळसा वाचला तर शेठ बक्षिशी देतो. कोळसा वाचतो कसा, तर चिंध्या घातल्यामुळे. म्हणजे इथेही कामगिरीवर आधारलेले बक्षीस आहेच की! व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात सांगितलेले सगळे आहे, फक्त उलट दिशेने. ज्या वस्तीत तो धूर उतरतो तिथेच या बॉयलरवाल्याची खोली आहे आणि त्याची दोन लहान मुले आहेत.

मस्टरबाहेरचा माणूस किती घातक ठरू शकतो याचा धडा कशेळीच्या वरच्या अंगाला मिळाला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून बेकायदा रसायन ओतले गेले. त्यातून उठलेल्या वायूने शेकडो लोकांना श्वास घेता येईना, रुग्णालये भरून गेली. वालधुनी कल्याणला उल्हासला मिळते आणि तेच पाणी खाली कशेळीच्या पुलाखालून वाहते. कारखान्याच्या आत कितीही प्रशिक्षण दिले असेल; रसायन फाटकाबाहेर पडून टँकरमध्ये गेले, की ते अशा माणसाच्या हाती जाते ज्याला खेपेचे पैसे मिळतात आणि ओढा सापडला की खेप लवकर संपते. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावरून 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली, आणि २०१५ मध्ये लवादाने नद्या सुधारण्यासाठी कोट्यवधींची भरपाई भरायला सांगितले. पैशाचा वाद पुढे चालत राहिला. पण टँकरचालकाला रसायनाचा गुणधर्म कोणी सांगायचा, हा प्रश्न कुठल्याच आदेशाच्या मथळ्यावर आला नाही.

नियम नाहीत असे म्हणता येत नाही. आयएसओ १४००१ ची २०१५ ची आवृत्ती पाहा. कंपनीच्या पर्यावरणविषयक कामगिरीवर ज्यांच्या कामाचा परिणाम होतो आणि जे कंपनीच्या नियंत्रणाखाली काम करतात, अशा सर्व व्यक्तींची क्षमता कंपनीने पाहावी, असा तिचा आशय आहे. 'कर्मचारी' असा शब्द तिथे जाणूनबुजून वापरलेला नाही. 'नियंत्रणाखाली काम करणारे' म्हटले आहे. कंत्राटी हमाल त्यात येतो. कंपन्यांच्या दर्शनी भागात हे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले असते. चौकटीच्या आतला मजकूर मात्र मनुष्यबळ खात्यापर्यंत पोचत नाही, कारण कंत्राटी माणूस हा त्यांचा विषयच नाही. तो खरेदी खात्याचा विषय आहे! प्लायवूड, डिझेल, स्टेशनरी आणि माणसे.

शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून एक विस्तृत अहवाल सक्तीचा केला. त्यात नऊ तत्त्वांखाली माहिती द्यावी लागते. संचालक, वरिष्ठ अधिकारी, कर्मचारी आणि कामगार यांच्यापैकी किती टक्के लोकांपर्यंत या तत्त्वांचे प्रशिक्षण पोचले, हेही विचारले जाते. कायम आणि कायम नसलेले असे वेगळे आकडेही मागितले जातात. ही मोठी सुधारणा आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. पुढे कंपनीच्या पुरवठा साखळीतल्या, म्हणजे माल देणाऱ्या-नेणाऱ्यांच्या माहितीचाही आग्रह धरला गेला, आणि इथे गाडी कशेळीच्या पुलापर्यंत आली असे वाटले. उद्योगांनी ओझे फार होते अशी ओरड केली. २०२५ मध्ये सेबीने साखळीची ही माहिती ऐच्छिक केली. गाडी पुलाच्या अलीकडेच थांबली.

कामगार कायद्याचीही तीच दिशा. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या केंद्रीय कायद्यात वीस कामगारांची मर्यादा होती. २०२० च्या संहितेत ती पन्नासवर गेली. गोदामातल्या मुकादमाकडे क्वचितच पन्नास माणसे असतात.

आता दुसरी बाजू. कशेळी-काल्हेरचा गाळेमालक किंवा भिवंडीचा सायझिंगवाला हा काही खलनायक नव्हे. कालपर्यंत ज्याच्या घरी भात पिकत होता त्याने शेत विकण्याऐवजी गाळे बांधले, यात त्याचे काय चुकले? सायझिंगवाला कापडबाजाराच्या मंदीत भरडला जातो, विजेच्या बिलाने वाकतो. त्याला हरित मनुष्यबळ अधिकारी नेमा म्हणणे हा क्रूर विनोद होईल. त्याच्याकडे अधिकारी एकच, तो स्वतः. वरची बडी कंपनी मात्र दरवर्षी निविदा काढते आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देते. त्या दरात डबे बाहेर ठेवण्याचा, एक माणूस जास्त धरण्याचा, चांगल्या इंधनाचा खर्च बसतच नाही. मग तीच कंपनी आपल्या अहवालात झाडाचे चित्र छापते. फसवणूक ती नव्हे. अहवाल लिहिणारी मुलगी प्रामाणिकच असते. तिला दिलेल्या आकड्यांत हे गोदाम नसते, इतकेच.

मग करायचे काय? परदेशी ग्रंथांत शोधण्याआधी महाराष्ट्राने स्वतःच घडवलेली एक गोष्ट आठवावी. मुंबईच्या बाजारांत डोक्यावर ओझी वाहणाऱ्या हमालांचा कोणी एक मालक नव्हता. सकाळी या पेढीचा माल, दुपारी त्या पेढीचा. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, आजारपणाला आधार नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती मोठी हुशारीची होती. मालक कोण हा न सुटणारा वाद घालत बसण्याऐवजी एक मंडळ नेमले. कामगाराची नोंद मंडळात, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही माल हलवून घेणाऱ्याने भरायची. त्या लेव्हीतून निधी, बोनस, रजा, औषधोपचार. माणूस एका मस्टरवर नसला तरी तो कुणाच्याच मस्टरवर नाही असे राहिले नाही. पुढे १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही याच धर्तीवर कायदा आला.

ज्या लेव्हीतून औषधपाणी होते त्याच रांगेत प्रशिक्षणाचाही खर्च बसवता येईल. गोदामात आग लागली तर फोम आणि रसायनाजवळ काय करायचे, कोणत्या पिंपावरच्या खुणेचा अर्थ काय, मळके प्लास्टिक कुठे द्यायचे, हे वर्षातून दोन दिवस, भरपगारी, त्याला समजेल अशा भाषेत शिकवायचे. प्रशिक्षण घेतल्याचे कार्ड माणसाजवळ राहील, कंत्राटदार बदलला तरी ते बदलणार नाही. बॉयलरवाल्याच्या प्रमाणपत्रात धुराचा एक धडा घालता येईल. एका कंपनीने हे केले तर तिला ते महाग पडते, हे खरे. शिकवलेला माणूस उद्या शेजारच्या गोदामात जातो. म्हणूनच ते एका कंपनीचे काम नाही, मंडळाचे आहे.

माथाडी मंडळे आदर्श चालतात असा माझा दावा नाही. नोंदणीवरून भांडणे आहेत, माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांची उद्योजकांची तक्रार खोटी नाही, आणि कशेळी-काल्हेरला मी ज्यांच्याशी बोललो त्या पोरांपैकी बहुतेकांना असे काही मंडळ असते हेच ठाऊक नव्हते. पण चौकट आपल्या मातीतली आहे आणि तिला अर्धशतकाचा अनुभव आहे. ती दुरुस्त करणे नवी उभारण्यापेक्षा सोपे पडेल असे मला वाटते.

तोवर मोठ्या कंपन्यांना एक लहानशी गोष्ट कोणत्याही कायद्यावाचून करता येईल. निविदेच्या कागदात एक ओळ वाढवायची: कंत्राटदाराच्या प्रत्येक कामगाराला महिन्यातून एक तास प्रशिक्षणासाठी कामातून मोकळे करावे आणि त्या तासाची मजुरी कंपनीने दरात धरावी. मी हे एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातल्या जुन्या स्नेह्याला सुचवले. माणूस समजूतदार, कल्पना त्याला पटली. त्याने वही काढली, आकडेमोड केली, रक्कम किरकोळ निघाली. मग जरा वेळ थांबून त्याने विचारले, "पण हा खर्च दाखवायचा कुठल्या खात्यावर? एचआर म्हणेल ही आमची माणसे नाहीत. पर्यावरणवाले म्हणतील प्रशिक्षण आमच्याकडे नाही. आणि मी दर वाढवला तर ऑडिटर मलाच विचारेल." पुढच्या आठवड्यात तिघांची एकत्र बैठक लावून बघतो, असे तो म्हणाला आहे.